लोखंडी पट्टीमागचे पत्र

मी एक जुना, बाभळीच्या लाकडाचा क्रूस आहे. बालमित्रांनो, क्रूस बोलायला लागला म्हणजे तो प्रभूचीच गोष्ट सांगणार, असे तुम्हाला वाटेल. ती सांगण्याची माझी लायकी नाही. मी फक्त माझ्या अंगावर जे घडले तेवढे सांगणार आहे, आणि तेही मला नीट जमेल की नाही, याची मला खात्री नाही. माझ्या छातीवर एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. त्या पट्टीच्या मागे, लाकडाच्या चिरेत, तीन वर्षे एक पत्र घडी घालून ठेवलेले होते. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून आले होते. पाठवणाऱ्याने दोनच ओळींचे उत्तर मागितले होते. ज्याच्याकडे मागितले, त्याने ते दिले नाही.

का दिले नाही, हे समजायला पहिल्यापासून सांगावे लागेल.

मी वारणेकाठच्या एका बांधावर झाड म्हणून उभा होतो. एका वैशाखात माझ्यावर वीज पडली. अर्धे अंग जळाले. शेताचे मालक गणपतराव मला सरपणाला काढणार होते. तेवढ्यात गावातल्या ख्रिस्ती मंडळीची चार माणसे लाकूड मागायला आली.

"जळकं लाकूड देवाच्या कामाला कशाला नेताय?" गणपतराव म्हणाले. "आंब्याची फळी देतो की चांगली."

"आंबा नगं, पाटील. हलका पडतोय. खांद्याला जड लागलं पायजे, तरच कळतंय."

मग कुऱ्हाड आली. झाडांना दुखते की नाही, यावर माणसे वाद घालतात. मला कुणी विचारले नाही. करवतीने माझे दोन तुकडे केले, एक लांब आणि एक आखूड. सुताराने दोन्हींत खाचा पाडल्या, एकमेकांवर आडवे ठेवले आणि मधोमध जाड खिळा घातला. त्याच्या घणाचा एकेक ठोका मला अजून आठवतो. माझ्या आडव्या लाकडाला सगळे हात म्हणतात आणि उभ्याच्या खालच्या टोकाला पाय.

राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्याला आमच्याकडे लेंत म्हणतात. लेंत आला की मंडळीतल्या घरांत तांबडा-पांढरा रस्सा बंद होतो. भात शिजवताना दरवेळी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतात आणि शेवटी ते अडलेल्या घरी पोचवतात. आज या घरी, उद्या त्या घरी संध्याकाळची प्रार्थना होते. ज्याचे कुणाशी वैर असेल त्याने ते मिटवायचे, आणि मगच शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भर दुपारी मला उचलून गावातून नेतात. वाटेत सात थांबे असतात. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार तिथे एकेक करून वाचतात. पुढचा माणूस माझा हात खांद्यावर घेतो, मागचा माझा पाय धरतो, आणि प्रत्येक थांब्यावर माणसे बदलतात. बाभूळ खडबडीत असते. संध्याकाळी कितीतरी खांद्यांची साले निघालेली असत. त्यांचे रक्त माझ्यात मुरले आहे.

गावही या फेरीची वाट बघायचे. गणपतरावांच्या घरातल्या आक्का दारात घागर घेऊन उभ्या राहायच्या. "व्हय रं, पाणी तरी चालतंय न्हवं तुमच्या उपासाला?" त्या ओरडून विचारायच्या. "शाबूची खिचडी न्हाई, शेंगदाणं न्हाई, कसला रं तुमचा उपास!" लोक हसायचे, पाणी प्यायचे आणि पुढे चालायचे. ते दिवस चांगले होते.

पण मग एक चूक झाली. कुणी मुद्दाम केली असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी मला पहिल्यांदा उचलले ते वरच्या गल्लीतल्या बाळासोच्या आजोबांनी. ते अंगाने दांडगे होते, एवढेच त्याचे कारण होते. दुसऱ्या वर्षी लोक म्हणाले, "पहिला खांदा त्यांचाच." तिसऱ्या वर्षी तो मान झाला. आपल्या भागात बेंदराला बैल कुणाचा पुढे, पालखीला हात कुणाचा आधी, यावरून डोकी फुटतात. माणसे चर्चमध्ये बसू लागली म्हणून त्यांच्या पायाखालची माती थोडीच बदलते? ज्या लाकडावर प्रभूचा अपमान झाला, त्याचा मान कुणाचा, यावरून आमच्याकडे भांडण लागले.

नऊ वर्षांपूर्वीच्या लेंतमध्ये खालच्या गल्लीतला सयाजी उठून म्हणाला, "बांधावरनं झाड आणलं माझ्या बापानं. गाडी आमची, बैलं आमची. मग पहिला खांदा वरच्या गल्लीचा कसा?"

"गाडी हाणायला गाडीवान लागतोय," बाळासो म्हणाला. तो तालमीतला गडी, मान बैलासारखी. "खांदा द्यायला खांदा लागतोय. तुज्याकडं हाय का?"

त्या दिवसापासून संध्याकाळच्या प्रार्थना दोन झाल्या. वरची गल्ली वर, खालची गल्ली खाली. मटण सोडले होते, पण एकमेकांना चावणे कुणी सोडले नव्हते. दोन्हीकडे जात होते ते फक्त आकाराम मास्तर. ते शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, म्हणून निवडलेले, जाड भिंगांच्या चष्म्याचे गृहस्थ होते. पुस्तकात डोके घालून बसणारे आणि चारचौघांत बोलताना घशाला कोरड पडणारे. ते दोन्ही गल्ल्यांत जाऊन शास्त्रातले उतारे वाचून दाखवत. लोक ऐकत आणि तंबाखू मळत.

शुक्रवारी मला चर्चच्या पायऱ्यांसमोर आडवे ठेवले होते. प्रार्थनेचे 'आमेन' पुरते संपलेही नव्हते, आणि बाळासोने माझा उजवा हात धरला. सयाजीने डावा धरला. दोघे ओढू लागले.

मित्रांनो, मला उचलायला बनवले होते, ओढायला नव्हे. माझा सांधा कुरकुरला. कुणीतरी कुणाच्या तोंडात मारली. मग एकदम सगळे सुटले. आधीच्या रविवारच्या मिरवणुकीत झावळ्या बांधायच्या काठ्या पाठीवर बसू लागल्या. एका म्हाताऱ्याच्या कानातून रक्त आले. एकाचा दात माझ्याजवळच्या धुळीत पडला. ज्यांनी चाळीस दिवस एकमेकांसाठी तांदूळ बाजूला काढले होते, तेच एकमेकांचे गळे धरत होते. बायका ओरडत होत्या. पोरे भिंतीवर चढून रडत होती.

आकाराम मास्तर माझ्या पायाशी होते. "अरे, थांबा! आज शुक्रवार आहे!" ते म्हणत होते, पण आवाज फुटत नव्हता. खालच्या गल्लीतल्या कुणाचा तरी हात त्यांच्या गालावर बसला. चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी टाचेखाली चुरडला.

ते बघून सयाजी ओढता ओढता हसला. "मास्तर, घरी जावा! पुस्तकं सांभाळा! गड्यांचं काम हाय हे!"

तेव्हा माझ्या पायाकडून एक जोराचा धक्का आला. इतका जोर त्या किडकिडीत हातांत असेल, असे मला वाटले नव्हते. माझा डावा हात पुढे गेला. त्याचे कोपऱ्याचे टोक सयाजीच्या डाव्या डोळ्यात शिरले.

तो आवाज मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढेच सांगतो की सयाजीने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत वाहिले. मी खाली पडलो आणि मधोमध चिरलो. मग सयाजीची आई धोंडुबाई किंचाळली, "बाळ्यानं फोडला! माझ्या लेकाचा डोळा बाळ्यानं फोडला!"

सगळ्यांना तसेच वाटले. माझा दुसरा हात बाळासोच्या मुठीत होता, आणि बाळासो दांडगा होता. मास्तरांकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. पण लाकडाला जोर कुठल्या टोकाकडून आला, ते कळते.

सयाजीचा डोळा काढावा लागला. पोलीस आले. "मंडळीवर केस करायची न्हाई," असे त्याने पट्टी बांधलेल्या तोंडाने सांगितले, आणि महिन्याभरात बायकापोरांना घेऊन तो गाव सोडून गेला.

त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली. मारामारीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला मागच्या खोलीत टाकले होते. मास्तर तिथे पुस्तकांच्या कपाटापाशी बसून होते. दार ढकलून बाळासो आत आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"ह्यानंच फोडला," तो म्हणाला आणि माझ्यावर घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला पाते माझ्या गाठीत असे रुतले की त्याला ते निघेना. तो माझ्यावर पाय देऊन कुऱ्हाड उपसत राहिला, मग दांडा सोडून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"मास्तर, तुम्ही हुता न्हवं तिथं? मी ढकललं का हो? मला आठवतच न्हाई. ओढत हुतो एवढंच आठवतंय. ढकललं का मी?"

मास्तरांचे ओठ हलले. मी वाट पाहिली.

"घरी जा, बाळासो," मास्तर म्हणाले.

एवढेच.

पुढे सुताराने माझ्या चिरेवर लोखंडी पट्टी ठोकली आणि मला भिंतीला टेकवून ठेवले. फेरी बंद झाली. माझ्यावर नाताळच्या ताऱ्याचा मोडका सांगाडा आला, फाटक्या चटया आल्या, खुर्च्या आल्या. उंदरांनी माझ्या पायाशी घर केले. दरवर्षी लेंत यायचा आणि जायचा. बाळासोने तालीम सोडली. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसे आणि हात मांडीखाली दाबून ठेवी. मास्तर गुरुवारी भाकरीचे ताट पुढे आले की ते न घेता शेजाऱ्याकडे सरकवत. लोक म्हणत, "मास्तर फार नम्र. स्वतःला लायक समजत न्हाईत."

तीन वर्षांपूर्वी, लेंतच्या पहिल्या आठवड्यात, मास्तर त्या खोलीत आले, दाराला कडी घातली आणि खिशातून एक पत्र काढले. एकटे असले की ते हळू आवाजात वाचत. शाळेची सवय होती ती.

"प्रिय आकाराम मास्तर, येशूच्या नावात सलाम. मी इथं एका कारखान्याच्या गेटवर हाय. एका डोळ्यानं गेट बघतोय, पण एक चोर सुटत न्हाई. मास्तर, सहा वर्षं मी प्रभुभोजन घेतलेलं न्हाई. मनात बाळासो बसलाय. आता त्याला क्षमा करावी म्हणतो. पण तोंडानं नाव घेतलं की आत कायतरी अडतंय. तुम्ही तिथं हुता आणि तुम्ही खोटं बोलत न्हाई. त्यानं मुद्दाम ढकललं का चुकून, एवढं लिहून कळवा. दोन ओळी बास. कुणाला आणि कशाची क्षमा करायची, ते नीट कळाय पायजे. तुमचा, सयाजी."

मास्तरांनी पत्राची बारीक घडी केली. घरी बनाबाई, त्यांची बायको, सगळे खिसे झटकून कपडे धुवायच्या. म्हणून असेल, किंवा दुसऱ्या कशासाठी असेल, त्यांनी ती घडी माझ्या पट्टीमागे सारली. नंतर प्रत्येक लेंतमध्ये ते एकदा यायचे, पत्र काढायचे, वाचायचे, कोऱ्या कागदावर 'प्रिय सयाजी' एवढे लिहायचे आणि कागद फाडून पत्र परत आत सारायचे. मी ते पत्र छातीशी धरून उभा राहिलो. दुसरे मी काय करू शकत होतो?

यंदा मंडळीत नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले. तरुण आहेत. त्यांनी खुर्च्या हलवल्या, चटया झटकल्या आणि मला बाहेर काढले. "एवढा चांगला क्रूस, आणि अडगळीत?" राखेच्या बुधवारी मला वेदीशेजारी उभे केले. मास्तर सगळ्यांच्या आधी आले आणि लेंतचे जांभळे कापड त्यांनी माझ्या पट्टीवरून तीन तीन वेळा गुंडाळले. सगळ्या मंडळीसमोर ते पत्र आणि मी असे उभे होतो.

चौथ्या आठवड्यात, सायंप्रार्थनेनंतर, पाळकसाहेबांनी विचारले, "शुक्रवारची फेरी पुन्हा सुरू करू या. कोण कोण खांदा देणार?"

मग शेवटच्या बाकावरून बाळासो उठला. "मान नगं," तो खालच्या मानेने म्हणाला. "शेवटचा थांबा द्या. न्हाईतर मागं पाय धरायला द्या."

धोंडुबाई ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण तिची काठी कडुलिंबाची आहे. ती बाकांमधून चालत आली आणि काहीही न बोलता तिने ती काठी बाळासोच्या डोक्यात घातली.

"क्रूसाला हात लावतोस? लेकाचा डोळा फोडलास आणि खांदा देतोस?" दुसरी काठी कानावर बसली. तिसरी तोंडावर. ओठ फुटला. बाळासोने हात वर केला नाही. ते दोन्ही हात त्याने मागे नेऊन एकमेकांत धरले.

"मार, म्हातारे," तो म्हणाला. "तुजा हक्क हाय. मार."

वरच्या गल्लीतली चार पोरे बाह्या सरसावून उठली. खालच्या गल्लीतली सहा उठली. एकाने बाक उचलला. मला ती जुनी कुरकुर पुन्हा माझ्या सांध्यात ऐकू आली.

तेवढ्यात माझ्या अंगावरचे जांभळे कापड कुणीतरी ओढले. ते मास्तर होते. त्यांनी पट्टीमागे बोटे घातली. पत्र निघता निघेना. पट्टीच्या कडेने बोट कापले. पत्र हातात आले तेव्हा त्यावर त्यांचे रक्त होते. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. शाळेतही ते कधी इतक्या मोठ्याने बोलले नसतील.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बाळासोनं नाही. मी. माझा चष्मा फुटला, सयाजी हसला, आणि मी क्रूसाचा पाय धरून ढकलले."

बाळासो सावकाश वळला. तो चालत आला, मास्तरांची कॉलर धरली आणि त्यांना जमिनीपासून वर उचलून माझ्या लगतच्या भिंतीला दाबले. मास्तरांचे पाय लटकत होते. बाळासोची मूठ वर गेली.

"नऊ वर्षं, मास्तर!" त्याच्या फुटक्या ओठातून रक्त मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडत होते. "नऊ वर्षं मी माझ्या हातांकडं बघत जेवलोय! पोरीला उचलून घेतली न्हाई या हातांनी! मी विचारलं हुतं तुम्हाला! विचारलं हुतं की न्हाई?"

"विचारले होते," मास्तर म्हणाले. त्यांचा श्वास कोंडला होता.

मूठ आली. ती मास्तरांच्या कानाजवळून गेली आणि माझ्यावर बसली. बाळासोच्या बोटांची कातडी सोलून निघाली. त्याने मास्तरांना खाली सोडले आणि तो बाहेर निघून गेला.

धोंडुबाई काठी टेकून उभी होती. मास्तर तिच्या पायाशी वाकले. तिने पाय मागे घेतला.

"मला कशाला सांगतोयस?" ती म्हणाली. "पत्र मला आलतं व्हय? ज्यानं इचारलंय त्याला सांग. मी फोनवर काय बोलणार न्हाई. पत्रानं इचारलंय, पत्रानंच जाऊ दे."

मित्रांनो, चारचौघांत एकदा ओरडून टाकणे सोपे असते, असे मला त्यानंतर वाटू लागले. मास्तर रोज दुपारी माझ्यासमोर टेबल घेऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांनी चार पाने लिहिली. त्यात चष्मा होता, गालावरची थप्पड होती, गर्दी होती, उन्हाचा कडाका होता. ती त्यांनी फाडली. दुसऱ्या दिवशी दोन पाने झाली. त्यात शास्त्रातली बरीच वचने होती. तीही फाडली. झावळ्यांच्या रविवारी एकच पान उरले, आणि त्यात 'बहुतेक' हा शब्द तीन वेळा होता. पवित्र आठवड्याच्या बुधवारी त्यांनी जे लिहिले ते असे होते:

"प्रिय सयाजी, सलाम. बाळासोने नाही, मी ढकलले. चुकून नाही, रागाने, आणि नऊ वर्षे गप्प राहिलो ते भीतीने. आकाराम."

गुरुवारी ते पाकीट त्यांच्या खिशातच होते. भाकरीचे ताट आले, त्यांनी ते पुढे सरकवले. या वेळी कुणी त्यांना नम्र म्हटले नाही.

शुक्रवारी नऊ वर्षांनी मी ऊन पाहिले. पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या टाकून माणसे ठरवली होती. तिसऱ्या थांब्याला मास्तरांचे नाव निघाले. त्यांनी माझा पाय धरला. पण पुढचा खांदा द्यायला ज्याचे नाव निघाले होते, तो मागे सरला. "मास्तरांसंगं न्हाई," तो म्हणाला. दुसऱ्यानेही मान हलवली. लोक उभे राहिले. ऊन डोक्यावर होते, आणि माझा पाय हातात धरून ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ एकटेच उभे होते.

मग बाळासो आला. बोटांवर अजून पट्टी होती. त्याने मास्तरांकडे पाहिले नाही. माझ्या हाताखाली खांदा घातला आणि चालू लागला. त्याने मास्तरांना क्षमा केली का, ते मला माहीत नाही. त्याच्या खांद्यावरून तरी मला ते समजले नाही.

मित्रांनो, जाताजाता एवढेच सांगतो. माझी निगा राखायची म्हणून मला तेल लावू नका, पॉलिश करू नका. माझ्या अंगावरचे कुऱ्हाडीचे घाव आणि डाव्या टोकावरचा तो काळा डाग तसेच राहू द्या. माझा मान कुणालाही देऊ नका. मला उचला, ओढू नका. आणि कुणाला माझ्या कुठल्या टोकाने लागले असेल, तर कुणाचा हात होता हे त्याला लगेच सांगा. मी सांगू शकत नाही.

त्या शुक्रवारचा चौथा थांबा टपाल कचेरीसमोर होता. सुट्टी होती म्हणून दार बंद होते. लाल पेटी भिंतीवर होती. मास्तरांनी मान वर केली, पण माझा पाय त्यांच्या हातात होता, आणि तो सोडला तर मी फरफटलो असतो. ते तसेच उभे राहिले. बाळासोने मागे वळून पाहिले, त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिले, आणि मला एकट्याने पेलून सरळ उभे केले.

मास्तर पेटीपाशी गेले. त्यांनी पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"टाका की, मास्तर," बाळासो म्हणाला. "जड हाय हे."

मास्तरांनी बोटे सोडली.